२८० बीएचपीची ऑक्टाविया: इंजेक्टर किती सीसीचे?

गाडी आहे स्कोडा ऑक्टाविया आरएस, पहिल्या पिढीची. औरंगाबादजवळच्या शेंद्रा कारखान्यात २००१ पासून ऑक्टाविया जुळवली जाऊ लागली आणि २००४ मध्ये तिची आरएस आवृत्ती आली. १७८१ सीसी, चार सिलिंडर, वीस व्हॉल्व, के०३ टर्बो, १५० बीएचपी, २१० न्यूटन-मीटर. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बॉशचा एमई७.५ (पुढे नुसता एमई७). पेट्रोलचं इंजेक्शन पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्वआधीच्या हवेच्या वाटेत होतं, थेट सिलिंडरमध्ये नाही. इंजेक्टर बदलण्याचा विचार करता येतो तो याचमुळे. थेट इंजेक्शनच्या टीएसआय इंजिनाचं गणितच वेगळं.

मालकाची मागणी अशी: गॅरेटच्या जीटी२८ घराण्यातला टर्बो, मोठा इंटरकूलर, क्रँकवर २८० बीएचपी. गाडी पुण्यात चालते, अधूनमधून आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत उतरते. पेट्रोल नेहमीच्या पंपावरचं, म्हणजे आता ई२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. पुढे आहेत चार सल्ले: ४४० सीसीचे इंजेक्टर घाला (सीसी म्हणजे पूर्ण उघडा इंजेक्टर मिनिटाला किती पेट्रोल देतो), ४४० घालून पेट्रोलचा दाब ठरवणारा रेग्युलेटर ३ ऐवजी ४ बारचा करा, ६३० घाला, आणि “एकदाच काय ते हजार सीसी टाका, पुढची चिंता नको”. चारही सल्ले कुठल्या ना कुठल्या गाडीवर बरोबर ठरलेले असणार. या गाडीला कुठला लागू पडतो ते बघू.

आधी एक अट. २८० बीएचपी ६३०० आरपीएमला घ्यायचे म्हणजे तिथे टॉर्क होतो ३१६ न्यूटन-मीटर. हा आकडा सपाट राहिला तर ठीक. ३००० आरपीएमलाच बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा) डोंगर उभा केला की या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड वाकतात, १.८ टर्बोची ही जुनी, सर्वांना ठाऊक असलेली दुखरी जागा आहे. म्हणून इथे टॉर्क खालून आवळलेला आणि ताकद वरच्या आरपीएमला, असा मॅप (ईसीयूमधली मांडणी) धरला आहे. इंजेक्टरच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा, कारण इंजेक्टरचा कस टॉर्कच्या शिखरावर नाही, ताकदीच्या शिखरावर लागतो. ४५०० आरपीएमला दोन फवाऱ्यांमध्ये २६.७ मिलिसेकंद मिळतात, ६३०० ला फक्त १९.

नेहमीचं गणित

गॅरेजमध्ये तोंडी चालणारं सूत्र असं: टर्बो पेट्रोल इंजिन एका बीएचपीमागे तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल पितं. पेट्रोलची घनता ०.७४५ धरली की बीएचपीमागे मिनिटाला ६ सीसी. २८० बीएचपीला १६९०, चार इंजेक्टरांत वाटून प्रत्येकी ४२३ सीसी. ड्यूटी सायकल, म्हणजे चक्रातला इंजेक्टर उघडा असण्याचा वाटा, ८५ टक्क्यांवर थांबवायची, म्हणून भागिले ०.८५. उत्तर ४९८.

ड्यूटी ८५ टक्केच का? इंजेक्टर उघडायला आणि मिटायला वेळ लागतो. नव्वदीच्या पुढे सुई पूर्ण मिटण्याआधीच पुढचा हुकूम येतो. मग ईसीयूने मागितलेलं आणि प्रत्यक्ष पडलेलं पेट्रोल यांचा मेळ राहत नाही, आणि प्रत्येक इंजेक्टर आपापल्या लहरीप्रमाणे वागतो. शंभर टक्क्यांना तो सतत उघडाच. त्यापुढे हवा वाढली तरी पेट्रोल वाढत नाही आणि इंजिन लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, तेही नेमकं सर्वांत जास्त दाबाखाली.

याच सूत्राने मूळ १५० बीएचपीसाठी उत्तर येतं २६५ ते २७०. मूळ इंजेक्टर त्याच आसपासचे असतात. पण जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलंय याचा भरवसा नाही, तेव्हा ते काढल्यावर फ्लो बेंचवर मोजून घ्यावेत. मॅप करताना जुना आकडाही लागतो.

आता ई२०. इथेच बाहेरच्या देशांतले तयार तक्ते आपल्याकडे चुकतात. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के इथेनॉल घनफळाने मिसळलं की मिश्रणाचा आकडा १३.५ वर येतो आणि घनता किंचित वाढून ०.७५४ होते. दोन्ही धरून तेवढ्याच हवेला साडेसात टक्के जास्त लिटर पेट्रोल लागतं. ४२३ चे ४५५ झाले, ८५ टक्क्यांनी भागून ५३५.

म्हणजे ४४० गेला, ५४० काठावर बसतो, ६३० आरामात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि “थोडा मोठा बरा” म्हणून ६३० किंवा हजार घेतात. पण या सूत्रात दोन गोष्टी नाहीत: हवा प्रत्यक्ष किती आणि डेड टाइम किती.

हवेकडून उलटी तपासणी

या इंजिनांवर एक बीएचपी म्हणजे सेकंदाला साधारण ०.८ ग्रॅम हवा. २८० ला २२४ ग्रॅम. ६३०० आरपीएमला चार सिलिंडर मिळून सेकंदाला २१० वेळा श्वास घेतात, म्हणजे एका श्वासाला १.०७ ग्रॅम. एका सिलिंडरचं घनफळ ४४५ सीसी, त्यात प्रमाण स्थितीतली हवा मावते ०.५७६ ग्रॅम. एमई७ च्या भाषेत लोड झाला १८५ टक्के. इनटेकची हवा ४५ अंशांच्या आसपास धरली तर त्यासाठी समुद्रसपाटीला १.३ बार बूस्ट लागतो. जीटी२८ साठी ही काही मोठी मागणी नाही.

पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले पूर्ण जळणासाठी लागणारी हवा) ०.८० ठेवायचा. ई२० वर तो १०.८ ला एक. एका श्वासाला पेट्रोल ९९ मिलिग्रॅम.

आता दुसरं टोक, आयडलिंग. ८०० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला ३ ग्रॅमच्या आसपास हवा घेतं. एका श्वासाला ०.११२ ग्रॅम, लॅम्डा १ ला पेट्रोल ८.३ मिलिग्रॅम. एकाच इंजेक्टरने ८.३ ही द्यायचे आणि ९९ ही, बारापट फरक. निवडीची खरी ओढाताण इथे आहे.

डेड टाइम म्हणजे वीज पोचल्यापासून पेट्रोल खरोखर पडू लागेपर्यंतचा आणि मिटण्याचा हिशेब धरून वाया जाणारा वेळ. चांगल्या आधुनिक इंजेक्टरला ३ बार आणि १४ व्होल्टला तो ०.९ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. ६३०० ला चक्रच १९ मिलिसेकंदांचं आहे, म्हणजे डेड टाइमने जवळजवळ पाच टक्के ड्यूटी खाल्ली. वरच्या सूत्रात तिचा पत्ताच नाही.

पाचही पर्याय या दोन टोकांना लावून बघू, सगळे ई२० वर:

४४० सीसी, ३ बार: शिखरावर ड्यूटी ९९ टक्के. आयडलिंगला प्रत्यक्ष फवारा १.५ मिलिसेकंद.
४४० सीसी, ४ बार (म्हणजे ५०८): ड्यूटी ८७, आयडलिंग १.३.
५४० सीसी, ३ बार: ड्यूटी ८१, आयडलिंग १.२३.
६३० सीसी, ३ बार: ड्यूटी ७०, आयडलिंग १.०५.
१००० सीसी, ३ बार: ड्यूटी ४६, आयडलिंग ०.६६.

पहिला बाद, त्याबद्दल वाद नाही. दुसरा मोहात पाडतो. ४४० स्वस्तात मिळतात, रेग्युलेटर बदलणं दहा मिनिटांचं काम, आणि शुद्ध पेट्रोलच्या काळात हा जोड २८० ला पुरायचा. ई२० ने तो ८५ च्या वर नेला. शिवाय दाब एक बारने वाढला की टाकीतल्या पंपावरचं ओझंही वाढतं, त्याबद्दल पुढे.

हजार सीसीवाल्यांचं म्हणणं असं की आजचे मोठे इंजेक्टरही छान आयडल करतात. करतात, पण अटीवर. डेड टाइमच्या आकड्यात ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली तर शिखरावर कुणालाच काही कळत नाही, ५४० वर अर्धा-पाऊण टक्का फरक. आयडलिंगला मात्र तीच चूक ५४० वर आठ टक्के होते आणि हजारावर पंधरा. पुण्याच्या उन्हाळ्यात सिग्नलला उभी गाडी, एसी चालू, रेडिएटरचा पंखा लागला, हेडलाइट लावले, की व्होल्टेज १४ वरून तेराच्या खाली येतं. डेड टाइम व्होल्टामागे ०.१ ते ०.१५ ने वाढतो. ईसीयूमधला व्होल्टेजचा तक्ता त्या नेमक्या इंजेक्टरचा नसेल, तर पंखा लागला की आयडलिंग डुलायला लागतं. मालक म्हणतो “मॅप खराब आहे”, ट्यूनर म्हणतो “इंजेक्टर खराब आहेत”. दोघांचंही खरं असतं.

त्यात आणखी एक भर. फार छोट्या फवाऱ्याला इंजेक्टर सरळ रेषेत वागत नाही: वेळ दुप्पट केला म्हणून पेट्रोल दुप्पट पडत नाही. एमई७ च्या साध्या मांडणीत इंजेक्टरसाठी एक स्थिरांक आणि एक डेड टाइमचा तक्ता, एवढंच आहे. ती वाकडी रेषा सांभाळायला जागा तोकडी. स्वतंत्र, महागड्या ईसीयूवर हजार सीसी चालतील. या ईसीयूवर २८० बीएचपीसाठी ते ओझं आहे.

राहिले ५४० आणि ६३०. कागदावर ६३० ची वरची बाजू मोकळी आहे आणि आयडलिंगही वाईट नाही. मग ५४० कडे झुकतं माप का? कारण बाजारात ६३० या आकड्याखाली जे सहज मिळतं ते बहुधा जुन्या बनावटीचं, साठ पाउंडी इंजेक्टर. त्यांचं छोट्या फवाऱ्याचं वागणं बॉशच्या नव्या ईव्ही१४ घराण्याइतकं शहाणं नसतं, आणि डेड टाइमचा पक्का तक्ता सोबत असेलच असं नाही. ईव्ही१४ मधले ५४० घेतले की माहिती पूर्ण मिळते. ड्यूटी ८१ टक्क्यांवर राहते म्हणजे मर्यादेपर्यंत चार टक्के शिल्लक. सगळ्या माहितीसह येणारा ६३० कुणी देत असेल तर तो घेण्यात काही चूक नाही. इथे आकड्याइतकंच वजन माहितीला आहे.

ही चार टक्के शिल्लक कुठे खर्च होते? पुण्यात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी. बूस्ट जर हाताने फिरवायच्या कंट्रोलरवर लावला असेल, तर तो बाहेरच्या हवेच्या वर १.३ बार देतो. पुण्यात जमवलेली गाडी घाट उतरून मुंबईला गेली की एकूण हवा अडीच-तीन टक्क्यांनी वाढते. डिसेंबरच्या पहाटे थंडीची भर आणखी. ड्यूटी ८४ पर्यंत जाते. एमई७ ला स्वतःचा बूस्ट स्वतः सांभाळू दिला तर तो एकूण दाबाचा हिशेब ठेवतो, मग हा फरक फारसा पडत नाही. घाटमाथ्यावर डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) जमवून ड्यूटी ८९ वर सोडलेल्या गाड्या किनाऱ्यावर लीन होतात त्या या कारणाने.

डब्यावरचा आकडा

५४० म्हणजे कशाचे ५४०? बॉशचे आकडे पेट्रोलवर नसतात, एन-हेप्टेन नावाच्या द्रवावर असतात आणि बहुधा ग्रॅममध्ये. एन-हेप्टेन पेट्रोलपेक्षा हलकं, त्यामुळे त्यावर ५५० सीसी देणारा इंजेक्टर पेट्रोलवर ५२५-५३० देतो. अमेरिकन विक्रेते पाउंड प्रतितास लिहितात आणि त्याला १०.५ ने गुणून सीसी काढतात. कुणी ३ बारचा आकडा देतो, कुणी ४ बारचा. एकाच इंजेक्टरला ४ बारवर पंधरा टक्के मोठं नाव मिळतं. विकत घेताना चार गोष्टी लेखी घ्यायच्या: कोणत्या द्रवावर, कोणत्या दाबाला, डेड टाइमचा व्होल्टेजनुसार तक्ता, आणि चारही इंजेक्टरांचा फ्लो बेंचचा कागद. चौघांतला फरक दोन टक्क्यांच्या आत हवा. ईसीयूचा लॅम्डा सेन्सर चौघांची सरासरी बघतो. एक इंजेक्टर सहा टक्के कमी देत असेल तर सरासरी सुरेख दिसते आणि नेमका तोच सिलिंडर नॉक करतो, म्हणजे त्यातलं मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात.

बनावट इंजेक्टर पूर्ण उघडे ठेवून मोजले तर अनेकदा बरोबर आकडा देतात. ते सापडतात छोट्या फवाऱ्यावर. बेंचवाल्याला २ मिलिसेकंदांच्या हजार फवाऱ्यांची चाचणी वेगळी करायला सांगा. चौघांच्या नळ्यांतली पातळी तिथे वरखाली झाली तर संच परत.

विजेचा रोध मल्टिमीटरने मोजावा. या ईसीयूला १२ ते १६ ओहमचे, म्हणजे जास्त रोधाचेच इंजेक्टर चालतात. २-३ ओहमचे जुने रेसिंग इंजेक्टर थेट जोडले की ईसीयूमधला ड्रायव्हर जळतो, आणि मग वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट ईसीयूत जातात. ईव्ही१४ तीन लांबींत येतो. जुना काढून दोन ओ-रिंगमधलं अंतर व्हर्निअरने मोजून त्याच मापाचा मागवायचा, किंवा टोपी-अडॅप्टरसह. वायरिंगचा प्लग बहुधा वेगळा निघतो. अडॅप्टर तारा मिळतात, कापून-जोडून टेप गुंडाळू नये. इंजिनाच्या उष्णतेत तो टेप वर्षभरात सुटतो आणि एका सिलिंडरचं मिसिंग सुरू होतं.

पंप आणि दाब

इंजेक्टर मोठे केले आणि पंप तोच ठेवला, ही या कामातली सर्वांत महागडी काटकसर. शिखरावर लागतात तासाला ११० लिटर. पण कोणत्या दाबाला? या गाडीचा रेग्युलेटर रेलवर, म्हणजे चारही इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर बसतो आणि त्याची एक नळी इनटेकला जोडलेली असते. बूस्ट १.३ झाला की तो रेलचा दाब ४.३ करतो, म्हणजे इंजेक्टरच्या आतबाहेरचा फरक ३ च राहतो. पंपाला ११० लिटर ४.३ बारला द्यायचे आहेत. डब्यावर २५५ लिटर लिहिलेला वॉल्ब्रो कमी दाबाला २५५ देतो. दाब वाढेल तसा त्याचा पुरवठा घटतो, व्होल्टेज पडलं तर आणखी. इथे तो पुरतो, पण तपासून.

तपासणी अशी. इंजिन थंड, बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज १३.५ च्या आसपास. परतीची नळी काढून मापाच्या डब्यात सोडा. रेग्युलेटरच्या हवेच्या नळीला गेज असलेल्या सायकलच्या पंपाने १.३ बार दाब द्या. रिलेच्या जागी जंपर लावून पंप ३० सेकंद चालवा. ११० लिटर तासाला म्हणजे ३० सेकंदांत ९२० मिलिलिटर. वीस टक्के राखीव धरून १.१ लिटर पडायलाच हवं. त्याच वेळी पंपाच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.५ आणि पंपावर १२ असेल तर दोष जुन्या वायरचा आहे. बॅटरीपासून स्वतंत्र रिले, फ्यूज आणि २.५ ते ४ चौरस मिलिमीटरची तार ओढली की बहुतेकदा नवा पंप घ्यावाच लागत नाही. हे उघड्या पेट्रोलचं काम आहे: दारं उघडी, अग्निशामक हाताशी, आसपास ग्राइंडर किंवा वेल्डिंग बंद.

टाकीच्या आत पंपाला जोडणारी छोटी नळी साधी घालू नये. बाहेरून लावायची इंधन-नळी पेट्रोलात बुडवून ठेवायला बनवलेली नसते, ती फुगते आणि क्लिपमधून निसटते. आत आर१० दर्जाची नळी लागते. बाहेरच्या नळ्याही या निमित्ताने बदलाव्यात. २००४ ची गाडी ई२० साठी बनलेलीच नाही आणि जुनं रबर इथेनॉलने कडक होऊन तडकतं.

रेग्युलेटरच्या त्या बारीक हवेच्या नळीला दोन्ही टोकांना क्लिप हवीच. बूस्टमध्ये ती निसटली तर रेलचा दाब ३ वरच राहतो, समोर १.३ बार उभे, फरक उरतो १.७. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे पेट्रोल एका क्षणात २५ टक्क्यांनी कमी. पूर्ण थ्रॉटलला २५ टक्के लीन म्हणजे पिस्टन गेला. पाच रुपयांची क्लिप आहे.

बसवताना विशेष काही नाही. दाब उतरवून घ्या, ओ-रिंगला थोडं इंजिन ऑइल लावा, ग्रीस नको, रेल सरळ खाली दाबा. प्रत्येक इंजेक्टर हाताने किंचित फिरला पाहिजे. फिरत नसेल तर ओ-रिंग चिमटली आहे. चावी चालू करून दाब भरा, कागदी रुमालाने प्रत्येक बैठक पुसून बघा, कुठे ओल नाही याची खात्री झाल्यावरच स्टार्टर.

ईसीयूला काय सांगायचं

एमई७ मध्ये इंजेक्टरचा स्थिरांक केआरकेटीई या नावाने असतो: एक टक्का लोडला किती मिलिसेकंद. तो काढणं सोपं आहे. १०० टक्के लोड म्हणजे ०.५७६ ग्रॅम हवा. ई२० ला १३.५ ने भागून ४२.६ मिलिग्रॅम पेट्रोल. ५४० सीसीचा इंजेक्टर मिलिसेकंदाला ६.७९ मिलिग्रॅम देतो. ६.२८ मिलिसेकंद, म्हणजे टक्क्यामागे ०.०६२८. शुद्ध पेट्रोल धरलं असतं तर ०.०५८४ आलं असतं. मूळ गाडीत २७० सीसीला ते ०.११७ च्या आसपास. डेड टाइमचा तक्ता टीव्हीयूबी. तिथे विक्रेत्याचे आकडे ३ बारचेच भरायचे; ४ बारचे भरले तर आयडलिंगला रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

इथे एका जुन्या जुगाडाची दखल घ्यावी लागते. एअरफ्लो मीटरची (आत जाणारी हवा मोजणाऱ्या मीटरची) नळी इंजेक्टरच्या प्रमाणात मोठी करायची, मग मीटर हवा कमी सांगतो, इंजेक्टर जास्त देतात, फिटाफिट. मिश्रण खरंच बरोबर येतं आणि ईसीयू उघडावाही लागत नाही. पण ईसीयू इग्निशनचा टाइमिंग लोडवरून ठरवतो. नळी दुप्पट क्षेत्रफळाची असेल तर खरा लोड १८५ असताना त्याला ९२ दिसतो. ९२ ला देतात तेवढा अॅडव्हान्स तो १८५ ला देतो आणि इंजिन नॉक करायला लागतं. मोठी नळी या गाडीला लागेलच, कारण मूळ मीटर २२४ ग्रॅम मोजू शकत नाही. पण तिच्यासाठी मीटरचा तक्ता खऱ्या ग्रॅममध्ये नव्याने भरायचा.

लॉग वाचणं

व्हीसीडीएस या निदानाच्या सॉफ्टवेअरवर सुरुवातीला दोन गट पुरतात. गट ००२ मध्ये आरपीएम, लोड, इंजेक्शनचा वेळ आणि हवा. गट ०३२ मध्ये लॅम्डाची शिकवण (ईसीयूने स्वतः केलेली दुरुस्ती): पहिला आकडा आयडलिंगचा, बेरजेचा, दुसरा अर्ध्या थ्रॉटलचा, गुणाकाराचा. या दोन आकड्यांतून दोष ओळखता येतो.

आयडलिंगचा आकडा वाढलेला आणि दुसरा शून्याजवळ: डेड टाइम कमी भरला आहे, किंवा इनटेकला कुठे हवा शिरते आहे. ठरवायचं कसं? हेडलाइट, पंखा, मागची काच तापवणारा डिफॉगर सगळं लावून व्होल्टेज पाडा. आकडा व्होल्टेजबरोबर सरकला तर टीव्हीयूबी. नाही सरकला तर धुराची चाचणी करून गळती शोधा. दुसरा आकडा वाढलेला आणि पहिला ठीक: केआरकेटीई किंवा मीटरचा तक्ता चुकलाय. तो सात-आठ टक्के अधिक असेल तर बहुतेकदा कुणीतरी शुद्ध पेट्रोलचा स्थिरांक भरून ई२० वर गाडी चालवली आहे. मग मीटरच्या तक्त्याला हात लावू नये.

शिकवण पुसून, नवा मॅप भरून, किमान शंभर-दीडशे किलोमीटर साधी गाडी चालवल्यावरच हे आकडे वाचावेत. दोन्ही अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत बसले की मगच पूर्ण थ्रॉटल.

पूर्ण थ्रॉटलसाठी वेगळा वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमकं मोजणारा), आणि गेज लॅम्डावर लावलेला. पेट्रोलच्या मापावर लावलेला गेज लॅम्डा ०.८० ला ११.८ दाखवतो, टाकीत ई२० असलं तरी. तो आतून लॅम्डाच मोजतो आणि १४.७ ने गुणून दाखवतो. १०.८ दिसायला हवं म्हणून पेट्रोल वाढवत गेलात तर लॅम्डा ०.७३ होतो, ताकद पडते, प्लग काळे होतात, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं.

चढवताना एकदम १.३ बारला जायचं नाही. ०.८, मग १.०, मग पुढे. प्रत्येक टप्प्याला ड्यूटी काढायची: इंजेक्शनचा वेळ गुणिले आरपीएम, भागिले १२००. मिलिसेकंद घातले की उत्तर थेट टक्क्यांत. १५.४ मिलिसेकंद आणि ६३०० ला ८१ येतं. तिथे ८८ दिसलं आणि लॅम्डा बरोबर असेल, तर इंजिन जास्त हवा घेत नाहीये ना आणि रेलचा दाब पडत नाहीये ना, ते बघा. ड्यूटी अपेक्षेपेक्षा जास्त, हवा अपेक्षेइतकीच, म्हणजे पंप किंवा फिल्टर. रेलवर गेज लावून बूस्टमध्ये ४.३ दिसतात का, एवढं पाहिलं की उत्तर मिळतं. गट ०२० मध्ये सिलिंडरनिहाय टाइमिंग मागे खेचलेला दिसतो. एकच सिलिंडर सतत खेचला जात असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर पुन्हा बेंचवर.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. अशी गाडी रस्त्यावर असेल तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. ट्रेलरवरून धावपट्टीला नेणं हाच सरळ मार्ग.

मालक उद्या ३२० बीएचपी म्हणाला तर? रॉड बदलावे लागतील हा वेगळा खर्च. इंजेक्टरपुरतं बोलायचं तर ५४० ची ड्यूटी ३ बारला ९२ वर जाते, चालणार नाही. रेग्युलेटर ३.५ बारचा केला तर तेच इंजेक्टर ५८३ होतात आणि ड्यूटी ८६. ४ बारला ६२३ होतात आणि ८१. डेड टाइमचा तक्ता मात्र त्या दाबाचा पुन्हा भरायचा आणि केआरकेटीई त्याच प्रमाणात उतरवायचा. पंपाला मग १२५ लिटर साडेपाच बारला द्यावे लागतील. सायकलच्या पंपाची ती चाचणी तेव्हा दीड बारवर, नव्या रेग्युलेटरसह, पुन्हा करायची.